आधी उजेड, मग आवाज

दिगंबर गेल्याची वार्ता मला तहसील कचेरीबाहेर, लोकांचे अर्ज टंकून देण्याच्या माझ्या टेबलापाशी मिळाली. त्याच्या शेजाऱ्याने सायकलवरून न उतरताच सांगितले, "दिगूभाऊ गए." समोर पक्षकार बसला होता. त्याचा अर्ज मी पूर्ण केला, कारण अर्धवट अर्जावरून माणूस उठवणे माझ्या पेशाला शोभत नाही. परंतु खालची तारीख मी दोनदा चुकीची टंकली...

दिगंबर कारखान्यात वेल्डर होता. मूळ नागपूरकडचा, उंच आणि तोंडाने फटकळ. टाउनशिपच्या क्लबात दर रविवारी सिनेमा दाखवीत, तिथली आमची मैत्री. निवृत्तीनंतर काचबिंदूने त्याची दृष्टी जाऊ लागली, तेव्हा पडद्यावरचा वृत्तांत त्याच्या कानात सांगण्याचे काम मी आपण होऊन पत्करले. शिक्षण नववीपर्यंतच झाले असले, तरी घडलेली हकीगत क्रमवार मांडण्यात या शहरात माझा हात धरणारे थोडे, हे नम्रपणे नमूद करतो. "सदर इसम आत आला असून त्याचे हाती सुरा आहे," असे मी सांगे. त्यावर दिगंबर म्हणे, "अरे, मारू दे ना त्याले! तुझा अर्ज मंजूर होईस्तोवर हिरो म्हातारा होईन." पुढच्या रांगेतले लोक मागे वळून हसत.

एका हिवाळ्यात अंतराळातल्या युद्धाचा सिनेमा आला. अंतराळयाने धावत होती, किरण सुटत होते, परंतु कोण कोणाशी कशासाठी भांडतो याचा पत्ता नव्हता. ज्या प्रकरणात वादी कोण आणि प्रतिवादी कोण हेच ठरत नाही, त्याची हकीगत मी तरी काय सांगणार? मी थांबलो.

"गप्प काऊन बसला बे?"

"सांगण्याजोगे काही नाही. कथा शून्य. नुसता देखावा आहे."

एवढ्यात पडद्यावरचा एक अख्खा ग्रह फुटला. सारा पडदा पांढराशुभ्र झाला. स्फोटाचा आवाज क्षणभर मागाहून आला. परंतु त्या आवाजाच्याही आधी दिगंबरचा डावा हात झर्रकन डोळ्यांपुढे आला होता. जवळ काळी काच नसताना वेल्डिंगचा लोळ पेटला, की वेल्डर असाच हात धरतात. त्याने हात खाली घेतला, तेव्हा गाल ओले होते.

"दिसलं बे," तो म्हणाला. "तुझी गोष्ट राहू दे तुझ्याजवळ."

उरलेला उजेड किती टिकेल, हे डॉक्टरांनी सांगितले नव्हते. दिगंबरने आपली परीक्षा आपणच ठरवली. तो सिनेमा पुन्हा लावावा म्हणून तो क्लबाच्या व्यवस्थापकाच्या मागे लागला. मला म्हणाला, "पुन्हा दिसलं, तर समज अजून बाकी आहे."

काही महिन्यांनी सिनेमा पुन्हा लागला. तो सुरुवातीपासून गुडघ्यांवर हात ठेवून ताठ बसला होता. मी पडद्याकडे पाहिलेच नाही, त्याच्या हाताकडे पाहत राहिलो. त्याच्या तोंडावर पांढरा उजेड पडला... हात गुडघ्यावरच होता. मग आवाज आला, आणि हात वर गेला.

"दिसलं ना?" मी विचारले.

"दिसलं की. पहिल्यावानीच."

"उत्तम," मी म्हणालो. एरवी कोपर धरू न देणाऱ्या त्या माणसाने त्या संध्याकाळी क्वार्टरपर्यंत माझे कोपर सोडले नाही.

त्यानंतर तो क्लबात आला नाही. जेवण कमी कमी करत गेला. भेटायला गेलो, तर दुपारीही ट्यूबलाइट जळत असे. तो विचारी, "लागली आहे ना?" कुसुमवहिनी स्वयंपाकघरातून उत्तर देत, "लागली आहे हो." वीज गेलेली असली तरी त्या हेच सांगत.

दिगंबरच्या पश्चात, गेल्या रविवारी क्लबात पुन्हा तोच सिनेमा होता. माझे त्याविषयीचे मत बदललेले नाही. त्यात कथा नाही. तरीही गेलो, आणि ठरल्या जागी बसलो. ग्रह फुटायची वेळ आली, तसा मी सवयीने पडदा सोडून डावीकडे वळलो. शेजारची खुर्ची लख्ख उजळली, तिच्या पाठीवरचा उडालेला रंगही दिसला...

आवाज नंतर आला.