सुगडातली बाटली

हसणार असाल तर हसा. असल्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी स्वतः भर चौकात टर उडवायचो. बिडकीनला राहतो, वेल्डिंगची कामं करतो, आणि माझं डोकं लवकर सटकतं... हे आधीच सांगून ठेवतो.

पहिल्या लॉकडाऊनचा मे महिना. माझी सायली तेव्हा नऊ वर्षांची, चौथ्या वर्षापासून इन्सुलिनवर. शेवटची बाटली आदल्या दिवशी संपली. सकाळी उलट्या सुरू झाल्या, श्वास लागला. गावात बाटली नाही, अॅम्ब्युलन्सचा फोन लागेना. बाईक काढली आणि औरंगाबाद गाठलं – तेव्हा हेच नाव होतं. चार मेडिकल फिरलो. पाचव्यात एकच बाटली उरलेली, आणि ती माझ्या पुढच्या माणसानं घेतली.

तोंडाला गमछा, नुसते डोळे दिसत होते. त्यानं बाटली संक्रांतीच्या सुगडात ठेवली, वरून ओलं निळं फडकं सुतळीनं बांधलं. फ्रिज नसला की उन्हाळ्यात आमच्याकडं लोक अशीच नेतात, मातीत गार राहते. मी हात जोडून मागितली. तो म्हणाला, "भाऊ, माझी बी पोरगीच हाय."

मी हेल्मेट घातलं त्याच्या कपाळात. तो खाली बसला, तरी परत घातलं. हिसकाहिसकीत सुगड फुटलं, खापऱ्या माझ्या बुटाखाली चुरल्या. खिशात फोन वाजत होता, उचलला नाही. त्याच्या भुवईतलं रक्त गमछ्यात उतरत होतं. कुणी मध्ये पडलं नाही. बाटली पँटच्या खिशात कोंबून मी पळालो.

नाक्यावर पोलिसांनी अडवलं. सांगेपर्यंत लाठ्या बसल्या, त्यातली एक नेमकी खिशावर. काच मांडीत घुसली, इन्सुलिनचा तो दवाखान्यासारखा वास आला... आणि मी भर रस्त्यात हंबरडा फोडला.

घरी आलो तर सायली उशीला टेकून पाणी पीत होती. बायको चिडलेली – फोन का उचलला नाही, तुम्ही पाठवलेला माणूस कधीच बाटली देऊन गेला. माठाशेजारी सुगड होतं. अख्खं. तेच निळं फडकं, तीच सुतळी.

तिचा मिस्ड कॉल बारा दहाचा. पोरीला इंजेक्शन देऊन मग केलेला. बारा दहाला मी पंचवीस किलोमीटर लांब त्या माणसाला मारत होतो.

"कपाळ फुटलं होतं हो त्याचं," बायको म्हणाली. "पाणी दिलं, घेतलं नाही. तुमच्या घरी कुणाला इन्सुलिन लागतं का विचारलं, तर म्हणाला, पोरीला लागायचं. आता नाय लागत."

त्या मेडिकलवाल्याकडं मी चारदा जाऊन आलो. माणूस कुणाच्याच ओळखीचा नाही. सायली आता नववीत आहे, सुगड अजून घरात आहे, आणि मी लाजेनं त्याला हात लावत नाही. त्या दिवशी काय झालं ते मला आजही कळलेलं नाही. शहरात किंवा आसपास भुवईवर जुनी खोक असलेला माणूस कुणाला भेटला, तर माझं नाव सांगू नका. फक्त त्याची पोरगी आहे का, तेवढं विचारा.