लाल होण्याची आठ दिवसांची नोंद

माझं तोंड लाल होतं. आजही होतं. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं सोपं जाईल.

सुरुवात मानेपासून होते. मग कानांच्या पाळ्या तापतात, मग गाल, शेवटी कपाळ. आरसा लागत नाही. तव्याजवळ तोंड नेल्यासारखं आतूनच कळतं. दुखत नाही, खाजत नाही. फक्त समोरच्याला दिसतं, आणि समोरचा लगेच कारण शोधू लागतो. आपल्याकडे तोंड लाल व्हायला कारण लागतं. राग आला, लाज वाटली, चोरी पकडली गेली किंवा कुणी थोबाडीत मारली. उगाच लाल झालं, असं कुणी मानत नाही.

मी वाढले शिरूरला, मामांकडे. वडील दौंडला लोको शेडमध्ये फिटर होते, आई त्यांच्याजवळ रेल्वे क्वार्टरमध्ये राहायची आणि मला शिक्षणासाठी तिसरीपासून मामांच्या घरी ठेवलं होतं. वर्गात शाई सांडली आणि बाईंनी ‘कुणी सांडली?’ असं विचारलं, की मी लाल. मी जागची हललेलीही नसायचे, तरी वर्गाबाहेर उभी मीच. मामी म्हणायच्या, उष्णता आहे. मग सब्जा झाला, गुलकंद झाला, दुधाची साय झाली, मुलतानी माती झाली. माती वाळून ओढ बसली की तोंड आणखीच लाल व्हायचं, म्हणून ती पहिली बंद केली.

मामांनी मात्र कधी चिडवलं नाही. पाहुण्यांसमोर मी लाल होऊ लागले की ते म्हणायचे, “पोरी, पानी आन जा.” आत गेलं की सुटका. ही त्यांची माया होती. पण आत जायची सवय मला तिथेच लागली.

बहात्तरच्या दुष्काळाच्या पुढच्या वर्षी मी मॅट्रिक झाले आणि त्याच वर्षी वडील गेले. त्यांच्या जागी रेल्वेनं मला नोकरी दिली. दौंड स्टेशनवर, चौकशीच्या खिडकीत. नोकरीमुळे क्वार्टरही आमच्याकडे राहिलं. दोन खोल्या, मागे न्हाणी, पुढे शेवगा. नोकरी गेली असती तर तेही गेलं असतं, आणि आईला भावाच्या घरी आश्रितासारखं राहायचं नव्हतं. मी पेटी घेऊन आले आणि आम्ही दोघी राहू लागलो.

आता विचार करा. जिला चारचौघांत तोंड दाखवायचं नाही, तिलाच नेमकं खिडकीत बसवलं. खिडकी फोटोच्या चौकटीएवढी. त्यात माझं तोंड आणि समोर रांग. पदर डोक्यावरून घेऊन पाहिला, तर लोक म्हणाले, बाईंना ताप आहे. पावडरचा थर दिला, तर घामानं त्याचे ओघळ झाले. टाइमटेबल तोंडासमोर धरून बसू लागले, तेव्हा साहेब म्हणाले, “अहो, चौकशी लोकांनी करायची असते. तुम्ही उत्तर द्यायचं.”

पुण्याला रोज जा-ये करणाऱ्यांचं एक टोळकं होतं. मी लाल झाले की त्यांतला एक ओरडायचा, “पडला रे, सिग्नल पडला!” बाकीचे शिट्टी मारायचे. मी रेल्वेवाल्याची मुलगी खरी, पण वाढले रेल्वेपासून लांब. मला वाटलं, सिग्नल लाल असतो, माझं तोंड लाल होतं, म्हणून चिडवतात. शाळेत मला ‘टमाटू’ म्हणायचे, त्यातलाच हा प्रकार. आणि टमाटूवर माझा एक इलाज ठरलेला होता. दुसरा चिडवायच्या आत आपणच म्हणून मोकळं व्हायचं.

एक दिवस पार्सल ऑफिसमधले क्लार्क गाडीच्या वेळेचा कागद द्यायला खिडकीशी आले. सरळ माणूस, बिनलग्नाचा, कामापुरतं बोलणारा. कागद घेताना मी लाल झाले. रांगेतलं कुणी काही बोलायच्या आत मीच मोठ्यानं म्हणाले, “पडला बाई माझा सिग्नल!”

क्लार्कच्या हातून कागद सुटला. मग मागून जो हशा उठला, त्याचा अर्थ मला कळेना. मीही हसले. त्या दिवसापासून पार्सलचे कागद हमालाच्या हाती येऊ लागले, तेव्हाही मला काही कळलं नाही.

पंधरा दिवसांनी, एका रविवारी, मामा आले. आईनं चहा ठेवला, तर म्हणाले, “नको.” मामांनी चहा नाकारला म्हणजे काहीतरी मोठं होतं.

“पोरी, शिरूरच्या स्टँडवर मला एकानं गाठलं. म्हनला, तुमच्या भाचीचा सिग्नल पडला म्हनं, त्या पार्सलवाल्यासाठी. म्या काय बोलू त्याला?”

“मामा, नुसतं चिडवतात. तोंड लाल होतं म्हणून.”

“सिग्नलचं मला काय ठावं न्हाई. पर तो ज्या तऱ्हेनं हसला, त्यावरनं समजलं.”

मग त्यांनी स्थळ सांगितलं. खुटबावचं घर, बागायती शेती, माणसं सज्जन. अट एकच, सुनेनं नोकरी सोडायची. “फुडल्या ऐतवारी येतो. राजीनाम्याचा अर्ज लिहून ठिव. तुला आन् तुझ्या आईला घिऊनच जातो.”

“मी कुठं न्हाई यायची,” आई चुलीकडे तोंड करूनच म्हणाली.

मला म्हणायचं होतं की त्या माणसाशी मी चार वाक्यंसुद्धा बोललेली नाही. पण तोंड उघडायच्या आत मान तापली, कान तापले. मामांनी पाहिलं. त्यांचा आवाज खाली आला. “बघ. खोटं असतं तर लाल कशाला झाली असतीस?”

इतकी वर्षं मला पाणी आणायला आत पाठवून वाचवणारा माणूस हे बोलत होता. त्यांचा राग नाही आला. त्यांनाही माझं तोंड दुसऱ्या कुठल्या रीतीनं वाचता येत नव्हतं.

सोमवारी ड्युटीवर गेले तेव्हा डोळे सुजलेले होते. स्टेशनवर गाड्यांसाठी रूळ जोडून देणारे एक म्हातारे पॉइंट्समन होते, वडिलांच्या ओळखीचे. सगळे त्यांना आप्पा म्हणत. त्यांनी विचारलं आणि मी सगळं सांगितलं. आप्पा माझ्याकडे बघतच राहिले.

“म्हंजी तुला ठावंच न्हाई व्हय? आगं, सिग्नलचा हात आडवा असला म्हंजी लाल. गाडी थांबली. हात खाली पडला म्हंजी लाईन क्लिअर. सिग्नल पडला म्हंजी ‘या’ म्हनलं.”

“या?”

“आन् तू सोताच्या तोंडानं सांगितलंस त्याला. रांगंम्होरं.”

लाल म्हणजे थांब, हे रेल्वेच्या गावात शेंबड्या पोरालाही कळतं. माझ्या तोंडावरचा लाल मात्र सगळ्यांनी हिरवा धरला होता, आणि मी तो स्वतःच जाहीर केला होता. त्या बिचाऱ्या क्लार्कच्या हातून कागद का पडला, हे आता कुठे उमगलं.

“आप्पा, आता काय करू?”

“तोंड काय बदलून मिळत न्हाई. ड्युटी कर.”

ड्युटी केली. पण दुपारी रांग सरल्यावर वहीत चार रकाने आखले. वेळ. माणूस. काय झालं. लाली किती टिकली. समोरच स्टेशनचं मोठं घड्याळ होतं, त्यामुळे मिनिटांचा प्रश्न नव्हता. तेव्हापासून आजपर्यंत मी ज्या शेकडो याद्या केल्या, वाणसामानाच्या, लग्नांच्या, दवाखान्याच्या, त्यांतली ही पहिली. हेतू साधा होता. रविवारी मामांशी बोलायला गेले की मी लाल होणार, आणि लाल झाले की खोटी ठरणार. कागद लाल होत नाही.

नोंदी करता करता गुरुवारी एक गोष्ट दिसली. मान खाली घातली, काहीतरी शोधल्याचं नाटक केलं, की लाली तीन-चार मिनिटं राहायची. तशीच समोर बघत उत्तर देत राहिले, की एक, फार तर दीड. मला ते खरं वाटेना. म्हणून शुक्रवारी मुद्दाम करून पाहिलं. टोळक्यातला नेहमीचा ओरडला, “पडला!” मी त्याच्याकडे बघून म्हणाले, “सिग्नल केबिनमधून पडतो. ही चौकशीची खिडकी आहे. तुम्हाला कुठली गाडी विचारायचीय?” तोंड भडकलेलंच होतं. पण त्याला गाडीचं नाव सुचेना. रांगेतली एक बाई म्हणाली, “सांग की मुडद्या आता! आमचा खोळंबा कशापायी?” दीड मिनिट. नोंद केली.

रविवारी मामा दहाच्या एस.टी.नं आले. मला दुपारची ड्युटी होती. ते टेकले आणि लगेच म्हणाले, “अर्ज?”

मी वही पुढे केली. त्यांनी चष्मा लावला आणि एक एक शब्द लावत मोठ्यानं वाचू लागले.

“‘सोमवार. पावणेतीन. इनामगावचे बाबा. मनमाडची गाडी किती नंबरवर. तीन मिनिटं.’ ह्यो कोन?”

“सत्तरीचे असतील. लेकीकडे निघाले होते.”

“‘मंगळवार. कोंबडीवाल्या बाई. चार मिनिटं.’ बाईम्होरं बी?”

“कोंबडीनं खिडकीतून टोच मारली. सगळे हसले.”

“‘बुधवार. माइकवर माझाच आवाज. तीन मिनिटं.’” मामांनी चष्म्यावरून पाहिलं. “सोताच्या आवाजाला?”

“हो.”

“‘साहेब. झाडूवाल्या मावशी. सुटे मागणारा फौजी. परत साहेब.’” ते वाचत गेले. मग थांबले. बोट एका ओळीवर ठेवलं. “‘शनिवार. पार्सलवाले. लांबून गेले. एक मिनिट.’ हे हाय की हितं.”

“आहे. ते गाळलं असतं तर यादी खोटी झाली असती.”

आई भाकरी थापायची थांबली होती. माझं तोंड पेटलं होतं, पण मी मान खाली घातली नाही. “त्याच्या खालचं वाचा, मामा.”

खाली मी लिहिलं होतं, ‘राहिलेली नोंद. गेला रविवार. मामा. एस.टी.ला जाईपर्यंत.’

त्यांनी ते मोठ्यानं वाचलं नाही. मनात वाचलं. चष्मा काढून म्हणाले, “माझ्याम्होरं का गं? म्या तर घरचा.”

“तुम्ही मला न्यायला आला होता म्हणून.”

मामांनी वही मिटली आणि मांडीवर ठेवली. आईनं न विचारता चहा दिला, तो त्यांनी घेतला. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत, अर्जाचं नावही काढलं नाही. माझी वेळ झाली होती. मी त्यांच्या पाया पडले आणि स्टेशनवर गेले. जाताना मनात होतं, ही शेवटची ड्युटी असेल.

तीनच्या सुमाराला मान वर केली तर रांगेत पाचवे मामा उभे होते. टोपी, धोतर, काखेत पिशवी. मला काही कळेना. चौघांना मी काय उत्तरं दिली, ते मला आता आठवत नाही. बरोबर दिली असणार, कुणी परत आलं नाही.

मामा खिडकीशी आले. ओळख दाखवली नाही. दोन्ही हात फळीवर ठेवून म्हणाले, “बाई, शिरूरला जायाला गाडी कवा हाय?”

मागे हशा पिकला. “आबा, शिरूरला रूळ तरी हायेत का? कुठनं आलात?”

“तुमास्नी न्हाई इचारलं,” मामा मागे न बघता म्हणाले. “बाईंना इचारलं.”

मान तापली, कान तापले, कपाळापर्यंत सगळं पेटलं. मामा ते बघत होते, मागची सगळी रांग बघत होती. पाणी आणायला मला कुणी आत पाठवणार नव्हतं. मी त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाले, “शिरूरला रेल्वे जात नाही. स्टेशनबाहेर पडा, एस.टी. स्टँडवर जा. पावणेचारची गाडी मिळेल.”

“गर्दी आसंल?”

“रविवार आहे. असेल.”

“एकट्या मानसाला जागा मिळंल का?”

‘एकट्या’ हा शब्द मी मनात परत एकदा म्हटला. मग म्हणाले, “मिळेल.”

“मंग निघतो,” मामा म्हणाले, आणि पिशवी सावरत बाहेरच्या दाराकडे चालू लागले. मागची बाई लगबगीनं पुढे झाली, तिनं तोंड जवळजवळ खिडकीत घातलं आणि म्हणाली, “माझी पुण्याची सांग गं आधी.”