लॉक आणि फ्री

माझा स्वभाव संशयी आहे, हे कबूल करते. शाळेतली नोकरी संपवून सौंसरजवळची संत्र्याची बाग हाती घेतली, तेव्हा औषधांच्या खोलीपासून मोटरच्या पेटीपर्यंत सगळीकडे मी आपली कुलपं बसवली. जुन्या पिकअपचं मात्र कुलपावर भागेना. तिला ड्रायव्हर लागायचा.

ड्रायव्हर सावरगावचा, पन्नाशीचा, कमी बोलणारा. कमी बोलणारी माणसं पाहिली की माझ्या मनात पाल चुकचुकतेच. त्यात त्याची एक सवय होती. बागेतल्या चिखलातून भरलेली गाडी बाहेर काढली की तो फाटकाशी थांबायचा, पुढच्या चाकापाशी उकिडवा बसायचा आणि चाकाच्या मधली गोल चकती फिरवायचा. मग दुसऱ्या बाजूला जाऊन तेच. मी कधी विचारलं नाही. विचारलं की माणूस सावध होतो. मी डिझेल पाहायचे, स्टेपनी पाहायचे, चाकांचे नट मोजायचे. सगळं जागच्या जागी असायचं, म्हणून संशय आणखीच वाढायचा.

एका सकाळी चकत्या फिरवून तो मागे ताडपत्री आवळायला गेला, तेव्हा मी वाकून पाहिलं. चकतीवर इंग्रजीत दोन शब्द होते, लॉक आणि फ्री. खूण फ्रीवर होती. म्हणजे हा माणूस माझी चाकं रोज मोकळी सोडत होता तर. लॉक हा शब्द मला आधीपासूनच भरवशाचा वाटतो. दोन्ही चकत्या मी लॉकवर फिरवल्या आणि निर्धास्त मनाने गाडीत जाऊन बसले.

पांढुर्ण्याच्या गोदामाला सिमेंटचा खडा चढ आहे. गाडी वळवत वळवत उलटी चढवावी लागते. त्याने नेहमीसारखा गिअरशेजारचा छोटा दांडा ओढून लो, म्हणजे चढाचा ताकदीचा गिअर, लावला आणि स्टिअरिंग पूर्ण फिरवलं. गाडी अडखळली, पुढून फाडकन आवाज आला आणि ती जागीच बसली.

मिस्त्री आला, खाली शिरला, बाहेर येऊन म्हणाला, पुढचा जोड तुटला. चिखलात चारही चाकं जुंपलेली चालतात, पण सुक्या सिमेंटवर लो लावायचा तर चकत्या फ्रीवर ठेवून पुढची मोकळी हवीत, म्हणजे जोर फक्त मागच्या चाकांवर जातो. नाहीतर वळणावर चाकं एकमेकांनाच ओढतात. एवढंही कळत नसलेल्या ड्रायव्हरला आजच काढा, असं त्याने सगळ्यांसमोर मला सांगितलं.

ड्रायव्हर मिस्त्रीसमोर येऊन उभा राहिला.

"मी चक्के फाटकापाशीच मोकळे केले होते," तो म्हणाला आणि माझ्याकडे वळला. "ताई, तुमी पाहून राहिल्या होत्या न? रोजच पाहता. सांगा न याले."

माझी पाळत त्याला ठाऊक नाही, असं मी धरून चालले होते. आता त्याची नोकरी त्याच पाळतीवर अडली होती. क्षणभर गप्प राहावंसं वाटलं, हे लिहितानाही लाज वाटते. मग मी सांगितलं, चकत्या त्याने मोकळ्या केल्या होत्या, लॉक मी केल्या.

मिस्त्री हसत सुटला. ड्रायव्हर हसला नाही, रागावलाही नाही. फडक्याला हात पुसत तो जवळ आला आणि हळूच म्हणाला, "तुमाले काय वाटलं ताई, मी काय चोरून राहिलो?"

मी खरंच आठवून पाहिलं. मला एकाही वस्तूचं नाव सांगता आलं नाही.