भिंग्याचा खणखणीत बेस

माझ्या धाकट्या भावाबद्दल चांगलं ऐकायचं असेल तर दुसऱ्या कुणाला तरी विचारा. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून तो काचा घासतो, म्हणून सगळे त्याला भिंग्या म्हणतात. मालक त्याला गिऱ्हाइकांपुढे येऊ देत नाही, आणि ते बरंच आहे. दिवसभर चाकावर वाकून अंगावर पाण्याचे शिंतोडे घेतो, आणि घरी आला की तोंडात मिठाची गुळणी धरून बसतो. काय बोलायचं ते बेस गिटारवर.

आमचा तिघांचा बँड. दादा ड्रम्स वाजवतो, भिंग्या बेस, मी गिटार वाजवते आणि गाते. बँड दादाने उभा केला, कामं दादाने मिळवली, आम्हा दोघांना ताल शिकवला तोही त्यानेच. तोंड मात्र फटकळ. एकदा हॉटेलातल्या कार्यक्रमानंतर मॅनेजर आमचं कौतुक करत होता, तर दादा भिंग्याकडे हात करून म्हणाला, "हा काय, असला नसला सारखाच. भाऊ आहे म्हणून ठेवलाय." मॅनेजर हसला. भिंग्या वायर गुंडाळत राहिला.

दुसऱ्या दिवसापासून घरात माझा छळ सुरू झाला. आधी त्याने बेसच्या जुन्या, मऊ पडलेल्या तारा काढून फेकल्या आणि खरखरीत स्टीलच्या नव्याकोऱ्या चढवल्या. मग त्या इतक्या खाली आणल्या, की जोरात मारलं की दांड्यावरच्या धातूच्या पट्ट्यांवर आपटायच्या. बोटांनी वाजवणं बंद. चष्म्याच्या नव्या फ्रेममध्ये दाखवण्यापुरत्या प्लास्टिकच्या खोट्या काचा असतात, त्या एरवी कचऱ्यात जातात. हा त्यांतून तारा छेडायची पिकं कापायचा आणि दुकानातल्याच चाकावर त्यांची कड घासायचा. पातळ पिक वाकायचं, गोल टोकाचं भोंगळ वाजायचं. शेवटी एक जाड, टोकदार पिक साहेबांच्या पसंतीस उतरलं. ते घेऊन, ब्रिजजवळ जिथे तारा ताठ असतात तिथे, वरून खाली, वरून खाली मारत बसायचा. अँप्लिफायरवर खालचा घुमारा कमी केलेला, मधला आणि वरचा आवाज चढवलेला. ऐकताना वाटायचं, कुणीतरी पत्र्यावर खिळे ओततंय.

"अरे, डोकं उठलं माझं! बेस आहे की भंगाराचं दुकान?" मी ओरडले.

"नुसता बेस नको ऐकूस, ताई. गिटारबरोबर ऐक."

बसले गिटार घेऊन. माझ्या गिटारच्या कल्लोळातून त्याचा एकेक सूर लख्ख बाहेर येत होता. खोटं कशाला सांगू, दणकेबाज वाजत होतं. मी त्याला तसं सांगितलं नाही.

दादा त्या दिवसांत तालमी टाळत होता. कधी पाठ दुखायची, कधी काम निघायचं. त्यामुळे हा आवाज त्याने ऐकला तो थेट रेकॉर्डिंगच्या दिवशी. आमचं स्वतःचं पहिलं गाणं होतं ते. दादाने त्यासाठी उभं आयुष्य वाट पाहिली होती.

एकदा वाजवून झालं आणि आम्ही रेकॉर्डिस्टच्या खोलीत ऐकायला जमलो. रेकॉर्डिस्ट म्हणाला, "पायाचा ड्रम मागे पडतोय." पुन्हा वाजवलं. पुन्हा मागे.

"बेस पुढे पळतोय," दादा म्हणाला.

रेकॉर्डिस्टने ठोक्याची टिकटिक लावली. बेस बरोबर तिच्यावर पडत होता. दादाचा पाय दर वेळी किंचित उशिरा येत होता, आणि पिकच्या त्या टोकदार आवाजाशेजारी तो उशीर उघडा पडत होता.

"त्या बेसचं वरचं सगळं कापा हो. कानाला टोचतंय," दादा म्हणाला. रेकॉर्डिस्टने बटण फिरवलं. बेस गुबगुबीत झाला, आणि दादाची चूक त्या घुमाऱ्यात बुडून गेली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"पाय बधिर पडलाय ना तुझा?" भिंग्याने विचारलं. "वर्षभर मी तुझ्या पायामागून वाजवतोय, बोटांनी, मऊ. म्हणून कुणाला कळलं नाही."

दादाचा चेहरा उतरला. "मग आजचा दिवस तसंच वाजव ना रे," तो म्हणाला. त्याला कुणापुढे असं गयावया करताना मी कधी पाहिलं नव्हतं.

भिंग्याने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "बटण होतं तिथे आणा," तो रेकॉर्डिस्टला म्हणाला.

दादा आत गेला आणि ड्रमचं पेडल सोडवू लागला. स्क्रू निघेना. मी मदतीला गेले तर त्याने माझा हात झटकला. पेडल पिशवीत टाकून तो भिंतीला धरत धरत जिना उतरला.

"माणूस आहेस की कसाई?" मी भिंग्याला म्हणाले.

"तुझी वरची तार उतरलीये," तो म्हणाला. "लावून घे."

दुपारी रेकॉर्डिस्टच्या ओळखीचा एक ड्रमर आला. त्याने दादाच्या स्टुलाची उंची बदलली आणि बसला. मी गायले. न गाऊन सांगते कुणाला! गाणं संध्याकाळच्या आत पुरं झालं, आणि आम्ही ते मोठ्या आवाजात ऐकलं. ऐकता ऐकता माझा पाय आपोआप ठेका धरायला लागला. मी गुडघ्यावर दोन्ही हात रोवून तो दाबून धरला.