फॉइलमधलं ओळखपत्र

मला चष्म्याशिवाय दिसत नाही आणि त्यांनी चष्मा काढून फोटो घेतला, त्यामुळे त्या कार्डावरची मी म्हणजे गर्दीत कोणाला तरी शोधणारी बाई आहे. पण तक्रार फोटोची नाही.

मंदी येऊन दोनेक वर्षं झाली होती. मी मुलाकडे राहत होते, दुबई सिलिकॉन ओएसिसमधल्या एका बिल्डिंगमध्ये. आमच्या मजल्यावरची चार घरं रिकामी झाली होती. मुलाच्या ऑफिसातली अर्धी माणसं घरी पाठवली होती आणि उरलेली अर्धी साहेबाच्या नजरेत येऊ नये म्हणून जेवायलाही खुर्चीवरून उठत नव्हती. अशा दिवसांत सगळ्यांनी चिपवालं ओळखपत्र काढायचं, असं तिथल्या सरकारने ठरवलं.

मुलगा मला एका टायपिंग सेंटरमध्ये घेऊन गेला. तिथे सरकारी फॉर्म अरबीत भरून मिळतात. काउंटरवरच्या माणसाने माझ्या पासपोर्टाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स समोर ठेवली आणि धडाधड टाइप केलं. मला एक प्रश्न विचारला नाही. पन्नास दिरहम घेतले, म्हणजे सहाशेच्या वर रुपये. मी म्हटलं, "एवढ्या पैशात निदान कशी आहेस म्हणून तरी विचारायचं." मुलगा म्हणाला, "आई, हळू."

मग दुसऱ्या ठिकाणी बोटांचे ठसे. दहाही बोटांचे. माझे उठेनात. आयुष्यभर राखेने भांडी घासली, रेषा राहणार कुठून? तिथली मुलगी ओल्या कागदाने बोटं पुसायची, काचेवर दाबायची, पुन्हा पुसायची.

"दहा कशाला लागतात?" मी मुलाला विचारलं. "मी काय कोणाच्या घरात शिरले होते?"

"अगं, सगळ्यांचे घेतात."

"आणि त्या कार्डात काय काय ठेवतात?"

"नाव, जन्मतारीख, ठसे... बाकी असेल काहीतरी."

"काहीतरी म्हणजे?"

"मला तरी कुठे माहीत आहे, आई!"

हा कॉम्प्युटरचं शिकलेला. त्याला माहीत नाही म्हटल्यावर चौथी शिकलेल्या बाईने संशय घेतला तर तिचं काय चुकलं? हे मी त्याला तिथेच सांगितलं. त्याने पुन्हा "हळू" म्हटलं.

त्याच सुमाराला नातीला शाळेत प्रोजेक्ट होतं. अमेरिकेत काही ठिकाणी म्हणे गाडी चालवायचं लायसन्सच असं मिळतं की ते दाखवून शेजारच्या देशात जाता येतं, पासपोर्ट लागत नाही. पण त्यातली चिप लांबून वाचता येते, पाकीट न उघडता. म्हणून लायसन्सबरोबर एक पाकीटही देतात, आत ठेवलं की वाचता येत नाही असं. नात हे सगळं इंग्रजीत सांगत होती, सून मराठीत करून देत होती.

"माझं कार्डही असंच वाचतील का गं?"

"आय डोन्ट नो, आजी. मेबी."

मुलगा म्हणाला, आपलं कार्ड तसलं नाही, ते यंत्रात घालावं लागतं. पण तो आधी 'असेल काहीतरी' म्हणाला होता. मी स्वयंपाकघरातून पोळ्यांच्या फॉइलचा हातभर तुकडा फाडला आणि कार्ड त्यात गुंडाळलं. सून हसली. हसू दे. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःचंही गुंडाळलं, ते मी पाहिलं.

आता मस्कतचं. माझी मुलगी तिथे असते. लग्नाला पंधरा वर्षं झाल्यावर, चाळिशीत, तिला दिवस राहिले. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली, शनिवार सकाळी आठ. तिने फोन केला, "आई, तू असशील ना? ह्याला रक्त बघून चक्कर येते. मी तिथे एकटी पडेन." माझी मुलगी कशाला घाबरणाऱ्यातली नाही, पण त्या दिवशी तिने हेच तीनदा विचारलं. मी 'असेन' म्हणाले आणि डिंक तळायला घेतला.

मुलाला ऑफिसातून शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीपेक्षा एक दिवसही जास्त मिळत नव्हता. मागितली असती तर कायमचीच सुट्टी मिळाली असती. म्हणजे शुक्रवारी निघायचं, मला सोडायचं आणि त्याने शनिवारी परत फिरायचं. शुक्रवारी सीमेवरून परत पाठवलं असतं तर पुन्हा जायला वेळ नव्हता.

हत्ता नावाच्या सीमेजवळच्या गावाच्या बाजूने निघालो. गाडीत पोळ्या, बटाट्याची भाजी, लाडू आणि कार्ड. सगळं फॉइलमध्ये. सगळं एकाच पिशवीत. इथे माझी चूक झाली.

सीमेवरच्या खिडकीत मुलाने दोन्ही पासपोर्ट दिले. आतल्या जवान अधिकाऱ्याने कार्डं मागितली. मुलाने आपलं दिलं, मी पिशवीत हात घालून माझं दिलं. त्याने फॉइल उघडलं. आत डिंकाचा लाडू.

"ये क्या है, मामा?" इकडे म्हाताऱ्या बायकांना मामा म्हणतात.

"लाडू. बेटी को बच्चा होनेवाला है."

त्याने लाडवाचा वास घेतला, बाजूला ठेवला आणि पुन्हा हात पुढे केला. या वेळी मी आधी चाचपून पाहिलं. कार्ड निघालं. आता त्याच्या कपाळाला आठी पडली.

"ये क्यों बंद किया? क्या छुपाया?"

"तुम्हारे से नहीं. चोर से."

कार्ड यंत्रात गेलं. त्याने पडद्याकडे पाहिलं, पासपोर्टाचं शेवटचं पान उघडलं, पुन्हा पडद्याकडे पाहिलं.

"बाप का नाम बोलो."

मी माझ्या वडिलांचं नाव सांगितलं.

"नहीं."

"नहीं काय? माझा बाप कोण ते मला माहीत नाही?" हे मी मराठीत म्हणाले, पण सूर त्याला कळला.

मुलगा पुढे वाकून पडदा बघायला लागला आणि त्याचा चेहरा उतरला. "आई, त्या टायपिंगवाल्याने घोटाळा केलाय."

घोटाळा साधा होता. आमच्यात लग्न झालं की बाईच्या नावातलं मधलं नाव बदलतं. आधी तिथे वडील असतात, मग नवरा येतो. टायपिंगवाल्याला काय ठाऊक! त्याने मधलं नाव उचलून वडिलांच्या रकान्यात टाकलं. कार्डाच्या हिशेबाने माझा नवरा माझा बाप होता. पासपोर्टाच्या शेवटच्या पानावर मात्र बाप बापाच्या जागी आणि नवरा नवऱ्याच्या.

मुलगा समजावून सांगायला लागला. अधिकाऱ्याने बोट वर केलं. "तुम चुप. उसको बोलने दो. मामा, ये नाम किसका? तुम बोलो. पूरा नाम."

आणि मी गप्प.

मी माझ्या नवऱ्याचं नाव कधी घेतलेलं नाही. भक्ती वगैरे काही नव्हती, आमचं रोज भांडण होई. पण घेत नसत, म्हणून मी घेतलं नाही, आणि नंतर जीभच वळेना. ते होते तेव्हा 'अहो', गेल्यावर 'हे'. रेशनच्या दुकानातसुद्धा मी कार्ड पुढे करायचे आणि म्हणायचे, नाव त्यावर आहे, वाचा. आयुष्यभर कार्डाने माझ्यासाठी नाव घेतलं. आणि आज कार्डच खोटं बोलत होतं.

"आई, बोल ना," मुलगा म्हणाला. "उखाण्यात घे हवं तर."

"तुला थट्टा सुचते?"

"मग काय करू? तो शिक्का मारणार नाही, आणि माझी सुट्टी संपते."

आमच्या मागे रत्नागिरीकडचं एक मुसलमान कुटुंब उभं होतं. त्यातली बाई मला म्हणाली, "घ्या हो मावशी, घेऊन टाका. आम्हीही घेत नाही, पण इथे कोण ऐकतंय? माझी पोरं उन्हात भाजून निघाली."

इथे कोण ऐकतंय म्हणे! अख्खी रांग ऐकत होती. ठसे घेतले तेव्हा मला इतकं उघडं पडल्यासारखं वाटलं नव्हतं. पण डोळ्यांसमोर मुलगी आली, टेबलावर आडवी, आणि शेजारी जमिनीवर चक्कर येऊन पडलेला जावई. मी नाव घेतलं. पूर्ण, आडनावासकट, जरा जास्तच मोठ्याने.

"ये हजबंड. बाप नहीं. बाप दूसरा."

"दोनों किधर हैं?"

"मर गए."

"दोनों खलास?"

"खलास."

तो एवढा हसला की शेजारच्या खिडकीतला अधिकारी वळून बघायला लागला. त्याने पासपोर्टाचं शेवटचं पान त्यालाही दाखवलं, दोघं अरबीत काहीतरी बोलले, आणि ठप्प ठप्प शिक्के पडले. "यल्ला, जाओ मामा. कार्ड ठीक करवाओ." लाडू त्याने परत दिला नाही. मीही मागितला नाही.

गाडीत बसल्यावर मी कार्ड पुन्हा फॉइलमध्ये गुंडाळून पर्समध्ये ठेवलं. मुलगा म्हणाला, "परत आलीस की नाव दुरुस्त करून घेऊ. अर्ज करावा लागेल, पुन्हा ठसे द्यावे लागतील."

"काही नको. राहू दे."

"अगं, चुकीचं आहे ते."

"म्हणूनच राहू दे. एवढं सगळं खरं खरं घेतलंय त्यांनी माझं. एक तरी त्यांच्याकडे चुकीचं असू दे."

त्याने गाडी सुरू केली. मग म्हणाला, "बाबांचं नाव तुझ्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं."

"पुन्हा ऐकायला मिळणार नाही. पुढे बघून चालव."

संध्याकाळच्या आत मस्कतला पोचलो. मला दारात बघून मुलगी म्हणाली, "केवढा उशीर!" आणि आत जाऊन रडून आली. सकाळी आठ वाजता मी हिरवा झगा घालून तिच्या डोक्याशी उभी होते. जावई बाहेरच बसला, पण कशाने तरी त्याला तिथेही चक्कर आलीच. मुलगी झाली. काळीसावळी, जाडजूड, आवाज खणखणीत.

दुपारी मुलगा परतीला निघाला. मी घरी येऊन त्याला वाटेसाठी पोळ्या बांधायला घेतल्या. मुलीच्या घरातलं फॉइल संपलं होतं. मी पर्समधून कार्ड काढलं, त्याचा कागद सोडवला, सरळ केला आणि त्यात चार पोळ्या गुंडाळल्या. कार्ड तसंच उघडं पर्समध्ये टाकलं. ज्याला वाचायचं त्याने वाचावं, आणि माझ्या बापाचं नाव सांगून दाखवावं.