एका डब्यातली सहा शून्यं

“मैडम, यह ग्राफ है या किसी मकड़ी का जाला?”

भदौरिया साहेब माझ्या खुर्चीमागे उभे होते. इंदरगंजच्या आमच्या पाणी-तपासणी लॅबचे ते प्रमुख. सकाळचे साडेअकरा वाजले होते आणि तीन वाजता भोपाळहून वरिष्ठांची टीम येणार होती. स्क्रीनवर एक गुळगुळीत, वाकत जाणारी रेघ दिसायला हवी होती. तिच्या जागी जाड लाल रेघांचा गुंता होता.

इरा, नील, तुम्ही दोघं व्हिडिओ कॉलवर नेहमी विचारता की आजी रिटायर झाली, तर माधवगंजच्या घरून ऑफिसला कशाला जाते? त्याचं उत्तर म्हणून गेल्या हिवाळ्यातला हा एक दिवस लिहून ठेवते. मी सरकारी नोकरीत आयुष्यभर आकड्यांचंच काम केलं. आता आठवड्यातून तीन दिवस या लॅबचे आकडे तपासते.

आधी काम समजून घ्या. हँडपंपाच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असलं तर मुलांचे दात डागाळतात, पुढे हाडं ताठरतात. ते ओळखण्यासाठी पाण्यात एक लाल रंग घालतात. फ्लोराइड जितकं जास्त, तितका रंग फिका पडतो. यंत्र त्या रंगाला आकडा देतं. पण तो आकडा म्हणजे फ्लोराइड नव्हे. म्हणून रोज सकाळी आधी आपणच बनवलेली सहा द्रावणं तपासायची. पहिल्यात फ्लोराइड शून्य, सहाव्यात सगळ्यात जास्त. ठाऊक असलेलं प्रमाण आडव्या अक्षावर, यंत्राचा आकडा उभ्या अक्षावर, असा प्रत्येक तपासणीचा एक बिंदू. हा झाला स्कॅटरप्लॉट. मग सॉफ्टवेअर त्या बिंदूंच्या जास्तीत जास्त जवळून जाणारी रेघ शोधतं. ती रिग्रेशन कर्व्ह. ती एकदा मिळाली की कुठल्याही हँडपंपाचा आकडा घ्यायचा आणि रेघेवरून त्यातलं फ्लोराइड वाचायचं.

हे तपासणीचं काम प्रज्ञा जाधव करत होती. बिर्लानगरची मुलगी, वय सव्वीस, कॉन्ट्रॅक्टवर. वडील कामाला होते ती मिल बंद पडली त्याला जमाना झाला, घर तिच्यावरच होतं. तिच्या दहा दिवसांच्या साठ नोंदी बघून भोपाळची टीम तिचं कॉन्ट्रॅक्ट वाढवायचं की नाही ते ठरवणार होती. नोंदी तिच्या, ग्राफ माझा.

गुंता का झाला ते मला लगेच कळलं. सॉफ्टवेअर रेघ काढताना शीटमधल्या ओळींच्या क्रमानं बिंदू जोडत जातं. पहिल्या ओळीत सगळ्यात जास्त फ्लोराइड, दुसरीत शून्य, तिसरीत मधलं, असं असेल तर रेघ इकडून तिकडे उड्या मारते. आणि प्रज्ञाच्या ओळी तशाच उलटसुलट होत्या, कारण ती द्रावणं चिठ्ठ्या काढून तपासायची. ती पद्धत मीच लावली होती. यंत्र तापत जातं तसे आकडे थोडे सरकतात. रोज शून्यापासून सुरुवात केली तर शेवटचं द्रावण रोज तापलेल्या यंत्राच्या वाट्याला येईल. म्हणून एका स्टीलच्या डब्यात सहा चिठ्ठ्या. जी निघेल ते द्रावण आधी.

“सॉर्ट करना है बस, दो मिनट,” मी साहेबांना म्हटलं.

मी शीट उघडली, प्रमाणाचा कॉलम निवडला आणि चढत्या क्रमाचं बटण दाबलं. एक चौकट आली, त्यात काही विचारलं होतं. साहेब मागे घड्याळ बघत होते. मी एक बटण दाबून चौकट घालवली, शीट सेव्ह केली, ग्राफ पुन्हा काढला.

आता रेघ एकदम गुळगुळीत आली. पण जवळजवळ आडवी. आणि बिंदू! शून्य फ्लोराइडच्या जागी वरपासून खालपर्यंत बिंदू, सगळ्यात जास्तच्या जागीही तसेच. म्हणजे यंत्राला शुद्ध पाणी आणि सगळ्यात वाईट पाणी यांत फरकच दिसत नव्हता. आधी जाड रेघांच्या कोपऱ्यांखाली बिंदू झाकले गेले होते, मला वाटलं आत्ता खरी स्थिती उघडी पडली.

साहेबांनाही तेच वाटलं.

“इस लड़की ने जाँच की ही नहीं है। जो मन में आया, भर दिया। बुलाइए उसे।”

प्रज्ञा हातमोजे काढत आली. स्क्रीन बघून तिचा चेहरा उतरला.

“मॅडम, हे माझे आकडे नाहीत.”

“शीट तूच पाठवलीस ना?” माझा आवाज कडक होता, हे मला आजही आठवतं.

“पाठवली तर मीच. पण मी रोज चिठ्ठी काढूनच केलं आहे, कसम से.” मग ती साहेबांकडे वळली. “सर, घर बैठकर भरना होता तो अच्छे-अच्छे नंबर भरती ना? इतने बेकार क्यों भरती?”

“ज़बान मत चलाओ,” साहेब म्हणाले, आणि भोपाळला फोन लावायला केबिनमध्ये गेले.

प्रज्ञा रडली नाही. कपाटातून रजिस्टर घेऊन आली आणि माझ्यासमोर ठेवलं. “एकच दिवस बघा, मॅडम. पहिला. मग काय बोलायचं ते बोला.”

तिनं पहिल्या दिवसाचं पान उघडलं. निळ्या शाईत सहा ओळी: सहावं द्रावण, दुसरं, पाचवं, पहिलं, चौथं, तिसरं. मी शीटमधला पहिला दिवस काढला. शून्य. शून्य. शून्य. सहाही ओळींत शून्य.

डब्यात शून्याची चिठ्ठी एकच होती. ती माझ्या हातानं लिहिलेली होती.

त्या चौकटीनं विचारलं होतं की शेजारचे कॉलमही सोबत हलवायचे का? मी ‘नको’ म्हटलं होतं. प्रमाणाचा कॉलम चढत्या क्रमानं लागला, तारखा आणि यंत्राचे आकडे जागच्या जागी राहिले. प्रत्येक आकड्याची जोडी दुसऱ्याच द्रावणाशी लागली. साठ नोंदी मी एका बटणानं खोट्या केल्या होत्या.

“प्रज्ञा, चूक माझी आहे,” मी म्हटलं.

ती फक्त म्हणाली, “तर सरांना सांगा ना. लवकर.”

साहेब फोन ठेवतच होते. मी सगळं सांगितलं. ते खुर्चीत मागे टेकले.

“मैडम, मैं तो भोपाल बोल चुका हूँ कि लड़की का काम फ़र्ज़ी है। अब क्या बोलूँ?”

“आप मत बोलिए। नंबर मिलाइए, मैं बोलती हूँ।”

“आपकी उमर में, इतनी इज़्ज़त है आपकी...”

“नंबर मिलाइए, भदौरिया जी।”

त्यांनी नंबर लावला. मी पलीकडच्या बाईंना माझं नाव सांगितलं आणि चूकही सांगितली. त्या म्हणाल्या, “तीन बजे दिखाइएगा।” हे ‘दिखाइएगा’ जड होतं.

प्रज्ञानं मेल केलेली मूळ फाईल मी पुन्हा उतरवली. मग ती रजिस्टर वाचत गेली, मी एकेका ओळीवर बोट ठेवत गेले. चाळिसाव्या ओळीपाशी मी दम घ्यायला थांबले, तिनं न विचारता पाण्याचा ग्लास पुढे केला. “आपल्याच लॅबचं आहे, घाबरू नका,” म्हणाली.

साठही जुळल्या. या वेळी मी शीटला हात लावला नाही. आधी नुसते बिंदू काढले. मग प्रमाणाचे शून्यापासून चढत जाणारे, सारख्या अंतराचे वेगळेच आकडे घेतले, कर्व्हच्या समीकरणानं प्रत्येकाचं उत्तर काढलं आणि ते बिंदूंवरून क्रमानं जोडले. रेघ डावीकडे वरून निघाली, झपाट्यानं उतरली आणि पुढे हळूहळू पसरत गेली. बिंदू तिला बिलगून होते. एक सोडून.

तीन वाजता भोपाळच्या त्याच बाई आल्या आणि त्यांनी नेमकं त्याच बिंदूवर पेन ठेवलं. “यह एक बाहर क्यों है?”

मी प्रज्ञाकडे बघितलं. तिनं रजिस्टर उघडून दाखवलं. त्या ओळीपुढे लिहिलं होतं: लाइट गेली, यंत्र पुन्हा सुरू केलं, आकडा संशयास्पद.

“इसे हटाया क्यों नहीं?”

“मैडम, जो आया था वही लिखा।”

बाईंनी ते पान फोनमध्ये टिपून घेतलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “और आपने फ़ोन पर जो बताया, वह भी रिपोर्ट में लिख दीजिए।” मी लिहिलं, सहीसकट.

प्रज्ञाचं कॉन्ट्रॅक्ट एका वर्षानं वाढलं. भदौरिया साहेबांनी तिची माफी मागितली नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या टेबलापाशी येऊन “बेटा, चाय पी?” एवढं विचारलं. त्यांच्या हिशेबी ते पुरेसं होतं. माफी मी मागितली. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मॅडम, सॉर्ट करायचं असेल तर आधी मला आवाज द्या.” मी अजूनही देते.

तुमची आई सांगते की मी मसाल्यांचे डबेसुद्धा क्रमानं लावते. खरं आहे, पण डबे हलवताना नावं लिहिलेली झाकणंही सोबत हलवावी लागतात. त्या सकाळी कॉम्प्युटरनं मला नेमकं हेच विचारलं होतं. मी वाचलं नाही.