खरखर कुठून येते

नाओया आज कुणाशी एक शब्द तरी बोलला असेल का? मुळा चिरताना, दारातला बर्फ लोटताना, फुसाएच्या मनात घोळायचं ते एवढंच. छत्तीस वर्षांचा मुलगा. तोक्योत आवाजमुद्रणाच्या नोकरीत होता. एका हिवाळ्यात अंथरुणातून उठेनासाच झाला, तेव्हा तीच जाऊन त्याला मोरिओकाला, घरी घेऊन आली. पुढे वडील गेले आणि त्यांचं कॉफीचं दुकान त्याच्या गळ्यात पडलं. कॉफी नावाला. लोक यायचे ते तबकड्या ऐकायला. दारावर नवऱ्याच्या हातची पाटी होती, ‘आत बोलू नये.’ कॉफी हवी तर बोट दाखवायचं, एखादी तबकडी ऐकायची असेल तर चिठ्ठी लिहून द्यायची. आधीच अबोल पोर, त्यात आसरा मिळाला तो असा!

तबकड्या वाजवायचं मशीन मात्र लाखात एक. माणसाच्या उंचीचे लाकडी भोंगे, काचेच्या व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर. शेजाऱ्यांच्या फ्रिजमुळे वीज मळकी येते म्हणून नवऱ्याने अंगणात स्वतःचा विजेचा खांब उभा करून घेतला होता. “लोक पोरांसाठी खोली वाढवतात, यांनी भोंग्यांसाठी खांब वाढवला,” असं ती बायकांत हसून सांगायची.

आता सेंदाई शहरातल्या ओनोदेरा नावाच्या शौकिनाने ते मशीन विकत मागितलं होतं. शनिवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. मशीन गेलं की दुकान मिटेल, दुकान मिटलं की पोरगा उजेडात, माणसांत येईल, असं तिला वाटत होतं. नाओयाला विचारलं तर तो म्हणाला, “तुला बरं वाटेल तसं कर, आई.” तेच तिला लागलं. भांडला असता तर बरं झालं असतं.

मंगळवारी दुपारी नाओयाने कोऱ्या पांढऱ्या पाकिटातून एक तबकडी काढून लावली. संथ ठेका, पियानोचे चारच सूर फिरून फिरून, आणि त्या सगळ्यावर पसरलेली खरखर. कोपऱ्यात दोन जुनी गिऱ्हाइकं बसली होती. कुवाबारासान, जन्मभर टेलिफोनच्या तारा जोडत आलेला माणूस, आणि दातांचे निवृत्त डॉक्टर एबिनासान. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आत बोलायचं नाही, म्हणून कुवाबारांनी चिठ्ठी सरकवली, ‘डावा व्हॉल्व्ह?’ एबिनांनी खाली लिहिलं, ‘आधी पिन बघू.’

बुधवारी एबिना दात तपासायचा छोटा आरसा घेऊन हजर झाले आणि पिनेखाली डोकावत बसले. कुवाबारांनी सगळ्या तारा सोडून, पुसून पुन्हा जोडल्या. नाओया गल्ल्यामागून बघत होता. त्याला वाटलं, मशीन सेंदाईला जायचंय म्हणून ही वडीलधारी मंडळी त्याला न्हाऊमाखू घालतायत. त्यांना अडवायचं कसं? पुन्हा तीच तबकडी लागली. खरखर जशीच्या तशी.

गुरुवारी फुसाए भाताचे मुटके घेऊन आली तर कुवाबारासान अंगणात खांबाला शिडी लावून वर चढलेले.

“अहो, उतरा आधी! या वयात हाड मोडलं तर कोण जोडणार?”

“फुसाएसान, मशीन आजारी आहे,” ते वरूनच म्हणाले. “दोन दिवस झाले, दोष सापडत नाही. असलं धाडलं तर सेंदाईवाला आपल्या गावाच्या नावाने खडे फोडेल. आणि तुमचे यजमान, आमचे मास्टर, मला स्वप्नात येऊन झोडपतील.”

“मग नाओयाला विचारलंत का?”

“विचारणार कसं? आत बोलायचं नाही ना!”

फुसाएने कपाळावर हात मारला. दार उघडून ती तडक आत गेली आणि चाळीस वर्षांत त्या खोलीत कुणी काढला नसेल एवढ्या मोठ्या आवाजात म्हणाली, “नाओया, ही खरखर कुठून येते?”

आरसा एबिनांच्या हातून गळून पडला.

नाओया गोंधळला. “तबकडीतच आहे, आई. ही माझीच तबकडी, खरखर मीच ठेवलीय. घरी जुन्या टेपवर मुद्रण केलं, त्यावरून तबकडी करून घेतली.”

“मुद्दाम?” मागून आलेले कुवाबारा ओरडले. “आणि मी त्या खांबावर माकडासारखा लटकतोय!”

“मला वाटलं, तुम्ही मशीनला निरोप देताय.”

एबिनांना हसू आवरेना. “म्हणजे धाकटे मास्टर, सोन्याच्या चष्म्यातून धुकं बघायचं होय?”

“धुक्यातही कुणी उभं असतं, डॉक्टर. फोनवर ऐकलंत तर सगळ्याचं एकच पीठ होतं. इथे वेगळं वेगळं कळतं. बसा, पुन्हा लावतो. ही बारीक सळसळ टेपची. आता डाव्या बाजूला ऐका, ती टेप नाही.”

फुसाएही बसली. डाव्या भोंग्यातून सूं सूं येत होतं, आणि ते ओळखीचं होतं. तिची बिडाची किटली. मग सुरीचा टक टक आवाज, सरकत्या दाराचं कुरकुरणं, आणि कुणी बाई मधेच सूर सोडून गुणगुणत होती, अगदी चार हातांवर असल्यासारखी.

“ही कोण?”

“तू. मुळा चिरताना रोज गुणगुणतेस. त्या सुरावरूनच पियानो बसवला.”

“मी? छे! मी कुठे गाते?”

“सूर जरा पडतो,” कुवाबारा म्हणाले, “पण दम आहे हो.”

मग खोलीत जी वादावादी सुरू झाली ती थांबेना. एबिना म्हणायचे खरखर थोडी कमी हवी, नाओया म्हणायचा मुळीच नाही, आणि ते पटवायला हातवारे करत तीनदा पिन मागे घ्यायचा. त्याचे कान लाल झाले होते. फुसाएने त्याला असं भांडताना शाळेत असताना पाहिलं होतं, त्यानंतर नाही.

“पुढची कधी?” कुवाबारांनी विचारलं. “माझ्याकडे जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमधल्या टेपा पडल्यात. त्यांची खरखर ऐकशील तर वेडा होशील.”

नाओयाचा हात थांबला. “मशीन तर सेंदाईला जायचंय ना.”

तिघेही फुसाएकडे बघू लागले.

“मुटके खा, गार होतायत. मी चहा आणते,” म्हणत फुसाए उठली. अंगण ओलांडून घरात आली, किटलीत पाणी भरलं, शेगडीपाशी क्षणभर उभी राहिली. इतकी वर्षं अशा नवऱ्याबरोबर काढूनही आपल्याला आवाजाचं काही कळत नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. पण कान लाल झालेला मुलगा कळायला कान लागत नाहीत. ओनोदेरासान भला माणूस होता, वाईट वाटेल त्याला. दोनदा माफी मागावी लागेल, कदाचित तीनदा.

शेगडी न पेटवताच तिने ओले हात एप्रनला पुसले. चहा पाच मिनिटं उशिरा झाला तरी चालेल, त्यांचं भांडण काही इतक्यात संपत नव्हतं. आधी सेंदाईला फोन करायचा.